फक्त ठाण्याहून डोंबिवलीपर्यंतच आणायचीय!

नौपाड्यातल्या एका जुन्या सोसायटीच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या पंपाशेजारी, ताडपत्रीखाली एक गाडी उभी होती. ताडपत्री एवढी जुनी की हात लावला तरी भुगा हाती यावा. खाली प्रीमियर ११८ एनई. चारही टायर बसलेले, बोनेटवर मांजरांचा संसार, पुढच्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने ‘विकायची का?’ असं लिहिलेलं. काकूंनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, “हे गेल्यापासून कुणी हात लावला नाही. घेणार असाल तर घ्या, पण न्या एकदाची.”

बरोबरच्या मित्राचं वेळापत्रक तयार होतं. “नवी बॅटरी टाकू, पाच लिटर पेट्रोल टाकू, संध्याकाळच्या चहाला डोंबिवली. फक्त घरापर्यंतच तर न्यायचीय!”

धूळ खात पडलेली गाडी घेताना हे ‘फक्त’ हटकून येतं. घेणाऱ्याला काळजी असते किमतीची आणि इंजिन चालू होईल की नाही याची. गोत्यात मात्र तो येतो कागद आणि ब्रेक यांच्यापायी, आणि तेही बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत.

पण ही कुठली स्पोर्ट्स कार?

धूळ खात पडलेली गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे स्पोर्ट्स कार येते, म्हणून हा प्रश्न मला घरातही विचारला गेला. परदेशी नियतकालिकांत गवताच्या गंजीमागे एमजी नाहीतर ट्रायम्फ सापडते. आपल्याकडे मोटारींच्या आयातीवर अनेक दशकं कडक बंधनं होती, त्यामुळे असल्या गाड्या राजेरजवाडे आणि वकिलातीतली माणसं यांच्या पलीकडे फारशा गेल्याच नाहीत. मध्यमवर्गाच्या हौसेला मद्रासची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड होती, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म नावाची फायबरग्लासची दोन आसनी गाडी आली. बाकी सगळी हौस लोकांनी फियाटवरच भागवून घेतली. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यतीत धावायची तीही घरोघरची फियाटच, वजन उतरवून आणि इंजिन चढवून.

शिवाय ११८ एनईचं गोत्र बघा. १९८५ साली प्रीमियरने ही गाडी आणली ती स्पेनच्या सेआट कंपनीकडून फियाट १२४ चे साचे घेऊन. इंजिन बसवलं निस्सानचं, ११७१ सीसीचं. याच १२४ घराण्यात १९६६ मध्ये इटलीत स्पायडर जन्मली, पिनिनफारिनाने घडवलेली, उघड्या टपाची, खरीखुरी स्पोर्ट्स कार. म्हणजे आमची ही तिची चुलत बहीण, फक्त चार दारांची आणि संसारी. कल्याण-डोंबिवलीकरांना तिच्याबद्दल माया वाटायला आणखी एक कारण आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियरचा मूळ कारखाना कुर्ल्याचा, पण ११८ एनई आणि पुढे प्यूजो ३०९ यांचं नाव जोडलं गेलं ते कल्याणच्या कारखान्याशी. कारखाना गेला, कल्याण-शिळ रस्त्यालगत कोळेगावात ‘प्रीमियर मैदान’ एवढं नाव उरलं, जिथे आता सभा भरतात.

“घरापर्यंत चालवली तर कोण विचारतंय?”

सोसायटीच्या आवारात गाडी वीस वर्षं उभी राहिली तरी आरटीओ तिच्या वाटेला फारसा जात नाही. फाटकाबाहेर चाक गेलं की मात्र ती सार्वजनिक रस्त्यावरची गाडी होते. मोटार वाहन कायद्यात ‘थोड्याच अंतरासाठी’ अशी सवलत कुठेही नाही.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. या गाडीची पहिली नोंदणी १९८८ ची, नंबर प्लेटही ‘एमएच’ येण्याआधीच्या तीन अक्षरी मालिकेतली. २००३ मध्ये काकांनी नूतनीकरण करून घेतलं, ते पाच वर्षांचं. २००८ नंतर काही नाही. मुदत संपलेली नोंदणी म्हणजे नोंदणी नसल्यासारखंच, आणि त्याला पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड. विमा नसेल तर २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पीयूसी नाही, ते आणखी वेगळं.

दंड भरून माणूस सुटतो, अपघातातून सुटत नाही. नौपाडा ते डोंबिवली पूर्व हा रस्ता बघा: कळव्याचा पूल, मग मुंब्रा बायपासचा चढ-उतार आणि जेएनपीटीचे कंटेनर, शिळफाटा, पुढे कल्याण-शिळ रस्त्यावर मेट्रोचं काम. या वीस-बावीस किलोमीटरमध्ये कुणा दुचाकीवाल्याला धक्का लागला आणि विमा नसला, तर भरपाई खिशातून. कोणाच्या खिशातून? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात हे स्पष्ट केलं. गाडी एकामागून एक कितीही हातांत विकली गेली असली, तरी आरटीओच्या दफ्तरी ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे मित्राच्या संध्याकाळच्या चहाची नोटीस काकूंच्या दारात गेली असती.

“काकूंनी सही केली की झालं”

इथे जुन्या गाड्यांचे निम्मे व्यवहार अडकतात. फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याची सही घ्यायची हे सगळ्यांना पाठ असतं. पण विकणारा म्हणजे आरसी बुकात नाव असलेला माणूस. तो हयात नसेल तर त्याच्या पत्नीने २९-३० वर केलेली सही कागदावर शोभते, चालत नाही. आधी फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते. मग त्या वारसाने ती आपल्याला विकायची. मुलगा अमेरिकेत, मुलगी पुण्यात अशी स्थिती असेल तर त्यांच्या संमतीचे कागद आधी जमवा, गाडीचं डेंटिंग-पेंटिंग नंतर. मी एकदा हे उलट केलं होतं. पत्र्याचं काम करून घेतलं, रंगही मारला, आणि मग कळलं की तीन भावांपैकी एकाला गाडी विकायचीच नाही.

आरसी बुक हातात घेतलं की आणखी एक गोष्ट करावी: नंबर ‘वाहन’ प्रणालीत टाकून बघावा. संगणकाआधीच्या कितीतरी गाड्या तिथे दिसतच नाहीत. त्यांची मूळ नोंद आरटीओत शोधून ‘बॅकलॉग’ म्हणून चढवून घ्यावी लागते, आणि ती होईपर्यंत पुढचा एकही अर्ज हलत नाही. बुकातला चॅसी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवावा. तो गंजाखाली असतो. रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश बरोबर न्यावा.

एक भीती मात्र उगाचची आहे. ठाण्याची गाडी डोंबिवलीत, म्हणजे एमएच-०४ च्या हद्दीतून एमएच-०५ च्या हद्दीत आणली म्हणून नंबर बदलत नाही. राज्य तेच असलं की नंबर तोच, पत्ता तेवढा बदलतो.

“पंधरा वर्षं झाली म्हणजे भंगारच”

हा दिल्लीचा वारा. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी रस्त्यावर नको, हे २०१५ चे हरित लवादाचे आणि २०१८ चे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रापुरते होते. महाराष्ट्रात गाडी तपासणीत टिकली तर दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. स्वस्तात मात्र होत नाही. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीला त्याचे ५,००० रुपये झाले, ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,०००. उशीर झाला असेल तर नियमात दर महिन्याला ५०० रुपये जादा आहेत. वर पर्यावरण कर. शिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची. ‘भंगाराच्या भावात मिळाली’ म्हणणाऱ्याने ही बेरीज आधी करावी.

“मग विंटेज म्हणून नोंदवू!” हेही ऐकू येतं. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विंटेज म्हणजे पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडी. ११८ एनईला त्यासाठी निदान २०३५ पर्यंत थांबावं लागेल. आणि त्या नोंदणीवर रोजचा वापर बंद. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती यांसाठीच गाडी बाहेर काढता येते. रविवारी शीळच्या ढाब्यावर जाणं त्यात बसत नाही.

“इंजिन चालू झालं ना? मग झालं!”

आमच्या मिस्त्रींचं यावर एकच म्हणणं: चालू न होणारी गाडी कुणाला मारत नाही.

जाम झालेलं इंजिन दिसतं तेवढं भयंकर नसतं. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडायचं, दोन-तीन दिवस मुरू द्यायचं आणि मग हाताने फिरवून बघायचं. घाई करून नव्या बॅटरीवर स्टार्टर मारला तर चिकटलेल्या रिंगा तुटतात. गाडी ढकलून दुसऱ्या गिअरला झटका देणं तर त्याहून वाईट. टाकीतलं पेट्रोल एव्हाना वार्निशसारखं झालेलं असतं, ते पूर्ण उपसून टाकायचं. त्यावर नवं पेट्रोल ओतलं की टाकीतला गंज आणि गाळ उठून कार्ब्युरेटरमध्ये जाऊन बसतो. त्यात आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि त्या काळची रबरं त्याच्यासाठी बनलेलीच नव्हती. म्हणून पेट्रोलचे होस आणि पंपाचा डायफ्रॅम बदलल्याशिवाय किल्ली फिरवू नये; गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय ते सांगायला नको. शिशाशिवायच्या पेट्रोलवर जुनी इंजिनं मरतात, ही भीती मात्र सोडून द्यावी. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसंयुक्त पेट्रोल नाही, आणि तेव्हापासून जुन्या गाड्याही शिशाशिवायच्याच पेट्रोलवर धावताहेत.

आता ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. कोरडं डॉट-३ ऑइल २०५ अंशांना उकळतं. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. मुंब्रा बायपासच्या उतारावर सतत पाय ठेवला की ते तापतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल फळीपर्यंत जातं. तेच पाणी आतून व्हील सिलिंडरला गंज चढवतं. रबरी होस बाहेरून धड दिसतो आणि आतून सुजून बंद झालेला असतो. दाब जातो पण परत येत नाही, चाक आवळलेलंच राहतं. जुन्या फियाटच्या बऱ्याच गाड्यांत चारही चाकांना ऑइलची एकच वाट असायची. एका ठिकाणी फुटली की चारही ब्रेक एकदम गेले. अंगणात दहा फूट पुढे-मागे करून पाहिलेले ब्रेक यातलं काहीही सांगत नाहीत.

टायरचंही तसंच. नक्षी शाबूत म्हणजे टायर चांगला नव्हे. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते चार नसून तीनच असतील तर टायर २००० पूर्वीचा आहे. त्याला हातही लावू नका.

मीटर कमी पळालाय, यावर खूश होऊ नये. उभी गाडी धावत्या गाडीपेक्षा लवकर सडते, आणि मीटर पाच आकडीच असेल तर तो लाखानंतर पुन्हा शून्यावर येतो.

खाडीकाठची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सगळ्यात आधी खातात ते पत्र्याला. फियाटच्या या गाड्यांना वेगळी चॅसी नाही, पत्र्याचा सांगाडा हाच कणा. फ्लोअर आणि दाराखालची पट्टी सडली असेल तर तो रंगाचा प्रश्न राहत नाही. एक चुंबक कापडात गुंडाळून फिरवावं. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. इंजिन-गिअरबॉक्सचे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हिंडलं तर जमून येतात; काचा, दिवे आणि दारांची रबरं मात्र रडवतात. म्हणून मोडकी पण पूर्ण गाडी घ्यावी, चकचकीत पण अर्धी घेऊ नये.

तर आम्ही काय केलं? विसार दिला, काकूंकडून चिठ्ठी लिहून घेतली आणि फ्लॅटबेड बोलावला. दोरीने ओढून न्यायचा विचार मित्राने मांडला होता. पण ओढलेल्या गाडीलाही ब्रेक लागतात आणि स्टिअरिंगवर माणूस लागतो. मी ड्रायव्हरशेजारी बसलो. मुंब्रा बायपास उतरताना मागे वळून पाहिलं, तर गाडी पट्ट्यांनी आवळलेली, मांजरांच्या पावलांचे ठसे अजून बोनेटवर.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ड्रम उघडले. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर गंजून मिटलेले. पुढचा होस कापून त्यांनी माझ्या हातात दिला. “फुंका,” म्हणाले. जोर लावून फुंकलं, पलीकडे काहीच आलं नाही.

रात्री काकूंचा फोन. “पोचली का हो? चालवत नेलीत?”

“नाही काकू, उचलून आणली. आणि अजून काकांच्याच नावावर आहे. मंगळवारी फॉर्म ३१ घेऊन येतो. तुमचे दोन फोटो आणि काकांचा दाखला काढून ठेवा.”