पट्ट्याची कैफियत

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीजकेंद्रात रेल्वेच्या वाघिणीतून उतरलेला कोळसा बॉयलरपाशी पोचतो तो रबरी पट्ट्यांवरून. बंदरात खनिजाचे ढीग जहाजाच्या पोटात जातात तेही पट्ट्यांवरून. आणि साखर कारखान्यातील शिवलेली पोती गोदामातील थप्पीवर चढतात त्यांनाही पुष्कळदा हाच आधार असतो. रात्रंदिवस एकाच दिशेने सरकत राहणाऱ्या आणि म्हणूनच कोणाचेही लक्ष वेधून न घेणाऱ्या या साधनाची आठवण कारखान्याला होते ती ते फाटल्यावर. मग धावपळ उडते, घाईघाईने ठिगळ बसते, पट्टा निकृष्ट असल्याचा शेरा दफ्तरी दाखल होतो, आणि काही आठवड्यांतच तोच पट्टा त्याच जागी पुन्हा फाटतो. वस्तुतः या प्रकरणात पट्टा बहुधा अपराधी नसून फिर्यादी असतो. त्याच्या अंगावरची जखम कोणत्या यंत्रभागाने केली, हे ती कोठे आहे आणि कोणत्या आकाराची आहे यावरून बहुतेक वेळा सांगता येते, आणि ही कैफियत वाचता आल्यावाचून दुरुस्तीला हात घालणे व्यर्थ होय.

पट्ट्याची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. १८९१च्या सुमारास अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानात, एडिसनच्या लोहखनिजाच्या कारखान्यासाठी काम करीत असता, टॉमस रॉबिन्स या तरुणाच्या असे लक्षात आले की खनिज वाहणारे कापडी पट्टे पाहता पाहता झिजून जातात; तेव्हा ताण कापडाने सोसावा आणि माऱ्याला रबराने तोंड द्यावे, अशी श्रमविभागणी त्याने केली. तीच आजतागायत कायम आहे. मध्यभागी पॉलिएस्टर व नायलॉनच्या विणीचे तीन-चार पदर असतात, ज्यांना कामगार ‘प्लाय’ म्हणतात; त्यांच्या वर मालाकडील जाड आवरण आणि खाली पुलीकडील पातळ आवरण असते. आवरणाची झीज मोजण्यासाठी प्रयोगशाळेत रबराची एक लहानशी चकती १० न्यूटन भाराखाली फिरत्या खरबरीत रुळावर ४० मीटर घासतात आणि तिचे किती घन मिलिमीटर नाहीसे झाले ते पाहतात. आवरण झिजणे हे त्याचे विहित कर्मच आहे. ते ठरल्याहून लवकर किंवा एकाच जागी झिजू लागले, म्हणजे मात्र चौकशी आरंभावी.

वरचे आवरण नेमके मधल्या भागात झिजले असेल, तर दोष बहुधा चूटमध्ये, म्हणजे माल पट्ट्यावर सोडणाऱ्या घसरगुंडीत, शोधावा. माल सरळ खाली कोसळत असेल, तर पट्ट्याचा वेग त्याच्या अंगी येईपर्यंत तो पट्ट्यावर घासत राहतो, आणि तेवढ्या अंतरात प्रत्येक खडा रबराचा अंश घेऊन जातो. दोन्ही काठांपासून सारख्या अंतरावर दोन लांबच लांब चर पडले असतील, तर माल बाहेर सांडू नये म्हणून लावलेले स्कर्ट रबर वाजवीपेक्षा अधिक दाबाने बसविलेले असते, किंवा त्याखाली खडे अडकलेले असतात. खालचे आवरण झिजले असेल, तर चालक पुलीवरील लॅगिंग, म्हणजे तिच्यावर चढविलेले अस्तर, गुळगुळीत होऊन पट्टा घसरत असावा, किंवा रोलर जाम झालेले असावेत. पृष्ठभागावर फुगा दिसला आणि हातोडीने ठोकल्यावर तेथे पोकळ आवाज आला, तर पदर सुटून आत ओल शिरली आहे असे समजावे. सर्वांत फसवी जखम आघाताची असते. मोठा दगड रोलरच्या नेमका वर आदळला, म्हणजे रबर ताणले जाऊन पुन्हा पूर्ववत होते, परंतु त्याच्या आतील कापड तुटते. वरून निर्दोष दिसणारा असा पट्टा काही दिवसांनी त्याच ठिकाणी अकस्मात उकलतो.

काठ कुरतडले जाणे हा अतिपरिचित रोग आहे, आणि त्याचे निदान तर्कशास्त्राचा सुंदर नमुना म्हणावे इतके सुबोध आहे. पट्ट्यावर खडूने एक खूण करावी आणि यंत्र चालू ठेवून, हात दूर ठेवून, एक पूर्ण फेरी पाहावी. सबंध पट्टा सांगाड्याच्या एकाच ठिकाणी बाजूला जात असेल, तर दोष सांगाड्याचा आहे, आणि तो त्या ठिकाणाच्या थोडा अलीकडील रोलरांत असतो. पट्ट्याचा एकच विशिष्ट भाग सगळीकडे बाजूला जात असेल, तर तेथील पट्टा वाकडा आहे किंवा जोड काटकोनात बसलेला नाही. आणि रिकामा पट्टा सरळ चालून भरलेला सरकत असेल, तर माल मध्यावर पडत नाही. नियम एवढाच की, पट्टा रोलरच्या ज्या टोकाला आधी स्पर्श करतो, त्या टोकाकडे तो सरकतो. यासाठी रोलर किंचित तिरपा करावा, पट्ट्याच्या काही फेऱ्या होऊ द्याव्यात आणि मगच पुढचा हात घालावा. हा धीर नसलेले लोक काठाशी उभे रोलर ठोकून पट्ट्याला बळजबरीने आत दामटतात, आणि त्यामुळे काठ दुप्पट वेगाने झिजतो.

कापडाऐवजी पोलादी तारा असलेल्या पट्ट्याची व्यथा वेगळी असते. त्याच्या तारा लांबीच्या दिशेनेच धावत असल्यामुळे चूटमध्ये अडकलेली एखादी लोखंडी सळई त्याला उभा चिरीत जाते. आणि पट्ट्याचा वेग सेकंदाला ४ मीटर असेल, तर एका मिनिटात २४० मीटर चीर पडते. म्हणूनच मार्गात आधीच लोहचुंबक टांगतात, आणि पट्ट्याच्या पोटात ठरावीक अंतरावर तारेची वेटोळी घालतात, जी तुटताच संकेत खंडित होऊन यंत्र आपोआप थांबते.

फाटलेल्या पट्ट्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत केवळ पैशांत मोजावी लागते, असेही नाही. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील क्रेसवेल कोळसाखाणीत २६ सप्टेंबर १९५० रोजी पहाटे फाटलेल्या पट्ट्याचा भाग एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर माल जाण्याच्या जागी चूटमध्ये अडकला. घर्षणाने उष्णता वाढत जाऊन रबराने पेट घेतला, आणि त्या धुराने ८० खाणकामगार प्राणांस मुकले. आग सहजासहजी न पकडणारे पट्टे खाणींत आले, त्यास ही दुर्घटना प्रामुख्याने कारणीभूत झाली.

आता चिकित्सेकडे वळू. लहान जखमेवर थंड पद्धतीने ठिगळ लावतात: झिजलेले रबर ग्राइंडरने खरडून, धूळ झटकून, त्यावर चिकटविणाऱ्या द्रावणाचा पहिला हात देतात व तो पूर्ण वाळू देतात, दुसरा हात दिल्यावर बोटाची मागची बाजू टेकवून पाहतात, आणि ती किंचित चिकटली, पण द्रावण बोटाला लागले नाही, म्हणजे ठिगळ मधून बाहेरच्या दिशेने रुळाने दाबीत बसवितात, जेणेकरून आत हवा कोंडू नये. पावसाळ्यात द्रावणातील द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर सूक्ष्म दव जमते. ते पुसल्यावाचून लावलेले ठिगळ टिकत नाही. ठिगळाची कडा उतरती हवी, अन्यथा पहिल्याच फेरीत पट्टा खरवडून साफ करणारा स्क्रॅपर ती उचकटतो.

जोडासाठी मात्र उष्ण व्हल्कनायझिंग श्रेष्ठ. चार पदरांच्या पट्ट्यात प्रत्येक पदर निरनिराळ्या ठिकाणी कापून तीन पायऱ्या करतात, म्हणजे सर्व टोके एका रेषेत येत नाहीत. आणि जोड सुमारे २२ अंशांच्या तिरपेपणाने घेतात, म्हणजे तो पुलीवर एकदम न चढता हळूहळू चढतो. मग विजेच्या तापत्या पाट्यांत तो दाबाखाली साधारण १४५ अंश सेल्सियसवर ठेवतात. गंधकाच्या साह्याने रबराचे दीर्घ रेणू परस्परांशी गुंफले जातात आणि दोन टोके एकजीव होतात. वेळ कमी पडला तर जोड कच्चा राहतो, अधिक झाला तर रबर कडक होऊन तडकते. तरीही प्रत्येक पायरीवर एक पदर तुटकाच असतो, त्यामुळे चार पदरांच्या जोडाला अखंड पट्ट्याच्या तीनचतुर्थांशाहून अधिक बळाची अपेक्षा धरता येत नाही. पट्टा निवडताना हा हिशेब आधीच करावा लागतो.

हे सारे काम यंत्र पूर्ण थांबवून, वीज तोडून, कुलूप लावून आणि ताण देणारे काउंटरवेट साखळीने जखडूनच करावे. थांबलेल्या पट्ट्यातही त्या वजनाची शक्ती साठलेली असते आणि तिच्यामुळे हातपाय गमावलेले कामगार आपल्या कारखान्यांत आहेत. व्यवस्थापकांना एवढीच विनंती की, नव्या पट्ट्याच्या प्रत्येक मागणीपत्रासोबत जुना पट्टा कोणत्या जागी, कशाने आणि किती मिलिमीटर झिजला याची नोंद मागावी, आणि ती नसेल, तर ते पत्र मंजूर न करता परत पाठवावे.