दुर्बीण, भ्रमणध्वनि आणि पांखरें

घरांत एखादी नवी वस्तु आली म्हणजे ती एकटी येत नाहीं. आपल्याबरोबर ती एक नवी संवयहि घेऊन येते. मिक्सर आला आणि पाटा-वरवंटा परसांत जाऊन बसला. आतां तर आपणहून केर काढीत घरभर फिरणारी तबकडी आणि तेलावांचून तळणारी पेटीहि मध्यमस्थितींतील कुटुंबांत दिसूं लागली आहे. अशा वस्तूंविषयीं दोन मतें ऐकूं येतात. तरुण मंडळी ‘नवें तें सोनें’ असें म्हणतात, तर आम्ही म्हातारे ‘आमच्या वेळीं हें नव्हतें, म्हणून कांहीं अडलें होतें काय?’ असें विचारतों. दोन्ही मतें विचाराचे श्रम वांचविणारीं आहेत. मला स्वतःला तिसरी एक कसोटी बरी वाटते. जी वस्तु आपलीं इंद्रियें अधिक जागीं करते ती घरांत ठेवावी. जी त्यांना निजविते तिचा हात जपून धरावा. ही कसोटी लावून पाहण्यास पक्षिनिरीक्षणाइतकें सोयीचें क्षेत्र दुसरें नाहीं, कारण तेथें डोळे आणि कान ह्यांवांचून मनुष्याचें पाऊलच पुढें पडत नाहीं.

डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) ह्यांच्या बालपणची गोष्ट येथें आठवते. त्यांच्या हातीं छर्ऱ्यांची एक लहानशी बंदूक आली होती. त्या काळच्या मुलास हें केवढें नवलाचें यंत्र! त्या बंदुकीनें पडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणत्या जातीची, हें विचारण्याकरितां तो मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेला. १८८३ मध्यें स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या सचिवांनीं त्यास रागें न भरतां पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखविला. पुढें १९४१ सालीं त्याच मुलाच्या हातून भारतीय पक्ष्यांवरील तो सुप्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. बंदुका तर त्या काळीं पुष्कळ मुलांच्या हातीं असतील. परंतु ‘ही कोण?’ हा प्रश्न ज्याच्या मनांत उठला त्याचेंच जीवित पालटलें. यंत्र निमित्तमात्र असतें. जिज्ञासा ही ज्याची त्यानें आणावी लागते.

आतां दुर्बिणीचें पाहूं. दुर्बिणीवर ‘८ × ४२’ असे आंकडे असतात. पहिला आंकडा वस्तु किती पट जवळ दिसेल तें सांगतो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्यें सांगतो. दुकानांत गेलेला मनुष्य साहजिकच मोठ्या आंकड्यांकडे ओढला जातो. परंतु बारापट दुर्बिणींत पक्षी जितका मोठा होतो, तितकाच हाताचा कंपहि मोठा होतो, आणि डोळ्यांपुढें पांखराऐवजीं फांद्यांचा नाच सुरू होतो. दुसऱ्या आंकड्यास पहिल्यानें भागलें असतां, डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी निघते. ४२ भागिले ८, म्हणजे सुमारें सव्वापांच मिलिमीटर. वृद्धपणीं डोळ्याची बाहुली अंधारांतहि पूर्वीइतकी विस्फारत नाहीं. तेव्हां ह्याहून रुंद झोत आमच्यासारख्यांस बहुधा वायांच जातो. म्हणून म्हणतों, घरांत एकच दुर्बीण घ्यावयाची असेल, तर आठपट घ्यावी. तिची आणखी एक खुबी अशी, कीं ती हातोहात फिरते. ‘आजोबा, आतां मला!’ हा हट्ट ज्या वस्तूमुळें घरांत ऐकूं येतो, ती महाग पडली असें म्हणवत नाहीं.

पुणेंकरांस हिवाळ्यांतील उत्तम सहल म्हणजे भिगवणची. १९८० मध्यें पूर्ण झालेल्या उजनी धरणानें भीमेचें पाणी अडविलें आणि सोलापूरच्या वाटेवर, पुण्यापासून सुमारें शंभर किलोमीटरांवर, उथळ पाण्याचा विस्तीर्ण प्रदेश तयार झाला. पहांटे पांचाच्या आंत घर सोडावें, बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चहाचा थर्मास घ्यावा, आणि सूर्योदयास कुंभारगांवच्या कांठीं असावें. तेथील कोळी आतां मासळीबरोबरच पाहुण्यांसहि होडींतून नेतात. रोहित पक्ष्यांचा थवा पाण्यांत मान बुडवून उभा असतो. तो उडाला म्हणजे पंखांखालची लाली अशी कांहीं उजळते, कीं ‘अग्निपंख’ हें त्याचें दुसरें नांव कोणी ठेवलें असेल, त्याच्या रसिकतेचें कौतुक वाटावें.

परंतु संस्कृताच्या विद्यार्थ्यास तेथें अधिक ओढ लागते ती चक्रवाकाची. आमच्या पिढीनें ‘कोक’, ‘चक्रवाक’, ‘रथांग’ हीं नांवें अमरकोशांत घोकलीं. रात्रीं हें जोडपें ताटातूट होऊन नदीच्या दोन्ही तीरांवरून एकमेकांस साद घालतें, ही कविसमयाची कथाहि पाठ केली. पण चक्रवाक म्हणजे हीच ती नारिंगी रंगाची, लडाख-तिबेटांतून हिवाळ्यास येणारी बदकाची जात, हें किती पंडितांस ठाऊक असतें? शब्द ओठांवर आणि पक्षी अपरिचित, अशी ही विद्या! आठपट दुर्बिणीनें हें अंतर एका क्षणांत तोडलें जातें. चातक आणि पावशा ह्यांची गल्लतहि अशीच. काळ्या-पांढऱ्या रंगाचा, डोक्यावर शेंडी मिरविणारा, पावसाबरोबर येणारा तो चातक. ‘पेरते व्हा’ म्हणून शेतकऱ्यास जागविणारा, शिक्र्यासारखा दिसणारा तो पावशा.

ह्याहूनहि नवें यंत्र म्हणजे खिशांतील भ्रमणध्वनि. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशाळेनें ‘मर्लिन’ नांवाची एक विनामूल्य सोय काढली असून, २०२१ पासून ती नुसत्या आवाजावरून पक्ष्याचें नांव सुचविते. आवाजाचें ती प्रथम चित्र करते, म्हणजे कोणत्या क्षणीं स्वर किती उंच होता त्याचा आलेख मांडते. मग तो आलेख शिकून ठेवलेल्या आलेखांशीं ताडून पाहते.

ह्या सोयीचें मोल मजसारख्यास निराळें आहे. वयोमानानें कान मंद होतात, तेव्हां प्रथम जातात ते उंच स्वर. माणसांचें बोलणें समजतें, ढोल-ताशे तर नको तितके ऐकूं येतात. परंतु चष्मेवाल्याची बारीक, नाजुक साद तेवढी हरपते. आमच्या दारच्या शेवग्यावर त्यांची टोळी येते. चोंच उघडलेली मला दिसते आणि कानीं कांहींच येत नाहीं. कधीं काळीं ज्याच्या आवाजावरून मी खिडकीशीं धांवत असें, तो माझ्यापुरता मुका झाला, ह्याचें दुःख कोणास सांगावें? आमची सौभाग्यवती हातांतलें काम न सोडतां ‘आला हो तुमचा चष्मेवाला’ म्हणून सांगते, तेव्हां कळतें. ती घरांत नसली म्हणजे भ्रमणध्वनीच्या पाटीवर त्याचें नांव उजळतें. तें नांव म्हणजे गाणें नव्हे. तरी पण तो अजून बोलतो आहे, गेला आहे तो माझा कान, हें समजण्यानेंहि मनास मोठा धीर येतो.

परंतु तेंच यंत्र माझ्या नातीच्या हातीं असलें म्हणजे मी थोडा कडक होतों. तिचे कान तीक्ष्ण आहेत. पाटीवर नांव उजळलें कीं ‘झालें, ओळखला!’ म्हणून ती पुढें धांवते, आणि पांखरूं पाहावयाचें राहूनच जातें. भृंगराज दहा पांखरांच्या नकला करतो. तेथें यंत्रानें फसूं नये तरी कसें? म्हणून आमच्या घरीं नियम आहे: प्रथम कानानें ऐकावें, मग डोळ्यांनीं शोधावें, मग वहींत वर्णन लिहावें, आणि शेवटीं यंत्रास विचारावें. गणिताचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापतात, तें गणित सोडवून झाल्यावर पाहण्यासाठींच.

यंत्राचा एक उपयोग मात्र निषिद्ध समजावा. कांहीं हौशी लोक नर पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्यास जवळ ओढतात. आपल्या हद्दींत प्रतिस्पर्धी शिरला अशा समजुतीनें तें बिचारें पांखरूं घरटें, पिलें, चारा सोडून भांडावयास धांवतें. तसेंच, ‘उडतांनाचें’ छायाचित्र हवें म्हणून होडी थव्यावर घालावयास सांगणारे पाहुणेहि पाहिले आहेत. हजारों कोसांवरून चरावयास आलेल्या अतिथीस ताटावरून उठविण्याचाच हा प्रकार. होडी दूर उभी ठेवण्यास सांगणें हें पाहुण्याचें काम आहे. भाडें मिळालें कीं होडीवाल्यास तक्रार नसते.

उलट, ह्याच यंत्राची एक सेवा फार मोठी आहे. २००२ मध्यें सुरू झालेल्या ‘ई-बर्ड’ ह्या नोंदवहींत कोणीहि गृहस्थ आपण पाहिलेल्या पक्ष्यांची यादी घालूं शकतो. अशा सामान्य जनांच्या नोंदींवर आधारलेला भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत ९४२ जातींचा विचार आहे. त्यांपैकीं ज्या ३३८ जातींचा दीर्घ काळाचा कल ठरवितां आला, त्यांतील २०४ जाती घटत चालल्याचें दिसून आलें. दसऱ्याच्या दिवशीं ज्याचें दर्शन शुभ मानतात, तो नीळकंठहि झपाट्यानें घटणाऱ्यांत आहे. गच्चीवर उभ्या असलेल्या एखाद्या आजीनें ‘आज दोन दयाळ, एक तांबट’ असें नोंदविलें, तर त्या नोंदीचें असें चीज होतें.

तेव्हां वाचकांस, विशेषतः घरोघरच्या आजीआजोबांस, एकच विनंति. येत्या दसऱ्यास सोनें वाटून झालें, कीं नातवंडांस घेऊन गांवाबाहेर माळाकडे चालत जावें आणि विजेच्या तारांवर नीळकंठ बसला आहे काय तें पाहावें. दुर्बीण असल्यास घ्यावी, नसल्यास डोळे आहेतच. दिसला तर दिवस, वेळ आणि जागा लिहावी. न दिसला तरी तेंहि लिहावें, कारण ‘शोधला, दिसला नाहीं’ ही नोंदहि अभ्यासकांस हवी असते. पांच-दहा वर्षांनीं तीच वही उघडून मुलें आपल्या माळावर काय उरलें आणि काय गेलें ह्याचा हिशेब स्वतःच मांडतील.