भक्षक माशांसाठी गोड्या पाण्याचे पहिले मोठे मत्स्यालय : उभारणीमागील शास्त्र आणि जबाबदारी

बीजशब्द : भक्षक मासे, नत्रीकरण, सामू, जैविक गाळणी, मरळ, परकीय जाती

प्रस्तावना :

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ साली ते बंद करण्याची सूचना केली. त्यामुळे जिवंत प्राण्याचे निरीक्षण हा प्रात्यक्षिकाचा अधिक महत्त्वाचा भाग झाला. महाविद्यालयाच्या आवारात वर्षभर ज्याचे निरीक्षण करता येईल, असा पृष्ठवंशीय प्राणी म्हणून माशाचा विचार प्रथम होतो. गप्पी किंवा मॉलीची छोटी टाकी बहुतेक विभागांत असतेच; परंतु शिकार, हवेचे श्वसन, पिलांचे संगोपन अशा वर्तनाचा अभ्यास करावयाचा तर मोठ्या, मांसभक्षी माशांकडे वळावे लागते. प्रस्तुत लेखात अशा पहिल्या मोठ्या मत्स्यालयाची उभारणी कोणत्या शास्त्रीय आधारावर करावी, हे विशद केले आहे.

१८५० साली इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून प्राणी व वनस्पती यांच्यातील समतोलाची निरीक्षणे प्रसिद्ध केली. मत्स्यालयाच्या आधुनिक कल्पनेचा उगम तेथे मानला जातो. ‘वनस्पती लावल्या की टाकी आपोआप स्वच्छ राहते’ हा आजही ऐकू येणारा समज त्याच समतोलाचा वारसा होय. भक्षक माशांच्या टाकीस तो लागू पडत नाही. ज्या प्रमाणात मांस पाण्यात पडते आणि ज्या प्रमाणात नत्रयुक्त मल बाहेर पडतो, तो भार चार-दोन रोपांना पेलणारा नसतो; शिवाय ती रोपे मोठा मासा पहिल्या आठवड्यातच उपटून टाकतो.

टाकीचे आकारमान व भार :

उदाहरणादाखल सहा फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच टाकी घेऊ. तिचे घनफळ २४ घनफूट, म्हणजे सुमारे ६८० लिटर होते. काठापासून काही इंच मोकळे सोडल्यास प्रत्यक्ष पाणी ६०० लिटरच्या आसपास भरते. पाण्याचे ६०० किलो, १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचे सुमारे १२० किलो, वाळू-दगड व लोखंडी स्टँड धरून एकूण वजन साडेआठशे किलोच्या घरात जाते. हे सर्व वजन अवघ्या १२ चौरस फुटांवर, म्हणजे १.१ चौरस मीटरवर उभे राहते. दर चौरस मीटरला साडेसातशे किलोहून अधिक. भारतीय मानकानुसार वर्गखोली व प्रयोगशाळा यांच्या जमिनीसाठी चल भार साधारणतः ३ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे सुमारे तीनशे किलो धरला जातो. हा भार संपूर्ण खोलीवर विभागून धरलेला असल्याने तुलना थेट करता येत नाही. तथापि वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या मध्यभागी अशी टाकी ठेवण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेणे अनिवार्य आहे. तळमजला हाच सर्वांत सोपा उपाय.

काचेवरील दाबाबाबत एक गोष्ट अनेकदा दुर्लक्षित राहते. पाण्याचा दाब टाकीच्या लांबीवर अवलंबून नसून केवळ खोलीवर अवलंबून असतो. ६० सेंटिमीटर खोलीच्या व सहा फूट लांबीच्या समोरील काचेवर एकूण सुमारे ३३० किलो वजनाइतका जोर पडतो. खोली दुप्पट केली तर हा जोर चौपट होतो. उंच टाकी दिवाणखान्यात देखणी दिसते, पण माशाला उंचीचा उपयोग कमीच. त्याला पोहायला लांबी आणि वळायला रुंदी हवी. टाकीची रुंदी माशाच्या पूर्ण वाढीच्या लांबीपेक्षा कमी असू नये, हा किमान निकष होय. टाकीखाली थर्माकोलचा जाड थर घालावा, सिलिकॉन पूर्ण वाळू द्यावे आणि दोन दिवस पाणी भरून गळती तपासावी. यापलीकडे बांधणीबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही.

नत्राचे रसायन :

मत्स्यालयाचे यशापयश खऱ्या अर्थाने येथे ठरते. मासा प्रथिनांतील नत्र मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांतून बाहेर टाकतो. दिवसाला ४० टक्के प्रथिनांचे २० ग्रॅम खाद्य दिले असे समजा. त्यात ८ ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असल्याने १.२८ ग्रॅम नत्र पाण्यात येते. त्यातील निम्म्याहून थोडे अधिक, समजा ०.७ ग्रॅम, अमोनिया म्हणून बाहेर पडले तर ६०० लिटर पाण्यात एका दिवसात प्रतिलिटर सुमारे १.२ मिलिग्रॅम अमोनिया-नत्र साचते.

हा आकडा घातक की निरुपद्रवी, हे पाण्याच्या सामूवर ठरते. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. त्यांपैकी आयनरूप अमोनियम तुलनेने सौम्य, तर मुक्त अमोनिया विषारी. २५ अंश सेल्सिअस तापमानास सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो. सामू ८ असेल तर सुमारे पाच टक्के. म्हणजेच वरील टाकीत पहिल्या स्थितीत मुक्त अमोनिया प्रतिलिटर ०.००७ मिलिग्रॅम, तर दुसऱ्या स्थितीत ०.०६ मिलिग्रॅम राहील. ०.०५ मिलिग्रॅमच्या पुढे कल्ल्यांना इजा होऊ लागते असे सामान्यतः मानले जाते. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील कूपनलिकेचे पाणी बहुधा जड व अल्कधर्मी असते. कोकणातील जांभ्याच्या पट्ट्यातील पाणी मृदू. पुस्तकातील एकच सूचना दोन्हीकडे सारखी लागू पडत नाही, ती यामुळेच. कोकणात संकट वेगळ्या बाजूने येते. नत्रीकरणात एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्राचे ऑक्सिडीकरण होताना कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मोजलेली सुमारे सात मिलिग्रॅम अल्कता खर्च होते. मुळात अल्कता कमी असलेल्या पाण्यात सामू अचानक कोसळतो आणि जिवाणूंचे कार्यच मंदावते. अशा ठिकाणी गाळणीत शिंपले किंवा चुनखडीचे तुकडे ठेवणे हितावह असते.

अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू गाळणीतील स्पंज, सिरॅमिकच्या नळ्या, अगदी विटांचे तुकडे अशा सच्छिद्र माध्यमावर थर करून राहतात. दुसऱ्या टप्प्याचे श्रेय पूर्वी नायट्रोबॅक्टरला दिले जाई व अनेक क्रमिक पुस्तकांत आजही तसेच छापलेले आढळते. परंतु गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात होव्हानेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत हे काम नायट्रोस्पायरा गटातील जिवाणू करतात, असे दाखवून दिले. पुढे २०१५ साली अमोनियापासून नायट्रेटपर्यंतची दोन्ही पावले एकटाच उचलणारा नायट्रोस्पायरा सापडला. शोध लावणाऱ्या दोन गटांपैकी एकाने तो मत्स्यपालनाच्या गाळणीतील जिवाणूंतूनच मिळविला, ही बाब वर्गात आवर्जून सांगण्यासारखी आहे.

हे जिवाणू सावकाश वाढतात. नव्या टाकीत ते पुरेसे होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या टाकीतील बहुतेक मृत्यू याच काळात होतात. मासे न सोडता प्रतिलिटर दोन मिलिग्रॅमच्या आसपास अमोनिया घालावा; अमोनिया व नायट्राइट दोन्ही एका दिवसात शून्यावर येऊ लागले की टाकी तयार झाली असे समजावे. चालू असलेल्या निरोगी टाकीतील स्पंज आणून पिळल्यास हा काळ बराच कमी होतो. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून टाकी नंतर उभारण्याची आपल्याकडील रीत माशांना मानवत नाही, एवढे येथे नमूद करावेसे वाटते.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन हे दुसरे संकट. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन अपेक्षित असते. टँकरच्या पाण्यात ते अनेकदा पुष्कळ जास्त आढळते. ते कल्ल्यांना व जिवाणूंनाही मारक आहे. एक दिवस हवा देत पाणी साठवून ठेवावे अथवा सोडियम थायोसल्फेट वापरावे.

नत्रीकरणाचे अंतिम उत्पादन नायट्रेट. ते काढण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे पाणी बदलणे. आठवड्याला ३० टक्के म्हणजे १८० लिटर, पंधरा लिटरच्या बारा बादल्या. हे पाणी बागेस उत्तम. तथापि ज्या गावात एप्रिल-मे महिन्यांत पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथील महाविद्यालयाने अशी टाकी उभारावी काय, हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. बहुतेक वेळा त्याचे उत्तर नकारार्थीच येईल.

माशांची निवड :

बाजारातील भक्षक मासे बोटाएवढे असताना विकले जातात. दहा सेंटिमीटरचा चंदेरी अरवाना पाऊण मीटरच्या पुढे जातो, लाल शेपटीचा कॅटफिश एक मीटर ओलांडतो, तर अ‍ॅलिगेटर गार दोन मीटरपर्यंत वाढू शकतो. ‘मासा टाकीच्या मापानेच वाढतो’ हे विक्रेत्याचे वाक्य अर्धसत्य आहे. साचलेल्या मलामुळे व तणावामुळे वाढ खुंटते हे खरे. परंतु ते आजारपणाचे लक्षण आहे, जुळवून घेतल्याचे नव्हे. अशा माशाचा कणा वाकतो, आयुष्य घटते. वर वर्णिलेल्या टाकीत आयुष्यभर सुखाने राहू शकेल असा परदेशी मासा म्हणजे ऑस्कर. तो तीस ते पस्तीस सेंटिमीटर वाढतो आणि चांगल्या पाण्यात दहा वर्षांहून अधिक जगतो. ‘पिरान्हा’ म्हणून खपविला जाणारा लाल पोटाचा मासा पुष्कळदा मासळीबाजारातील रूपचंदच असतो. त्याचे दात फळे व कठीण बिया फोडण्यासाठी बनलेले आहेत. तोंड उघडून दाखविले की विद्यार्थ्यांना तो धडा विसरता येत नाही.

आशियाई अरवाना हा साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टातील मासा असून, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परिशिष्टांतील जिवंत प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली आहे. वास्तुलाभासाठी कोणी तो विभागास भेट देऊ केला तरी कागदपत्रांवाचून स्वीकारू नये.

अध्यापनाच्या दृष्टीने देशी मासे अधिक मोलाचे आहेत. मरळ, चालट व वाम हे तिन्ही आपल्या नद्या-तलावांतील भक्षक होत. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूस हवा घेण्याची पोकळी असते. पृष्ठभागावर येऊ दिले नाही तर ती पाण्यातच गुदमरून मरते. म्हणून पाणी व झाकण यांत सहा इंच हवा ठेवावी आणि झाकणावर वजन ठेवावे, कारण मरळ उडी मारण्यात पटाईत असते. चालट वाताशयाचा उपयोग श्वसनासाठी करते. वाम स्वतःला वाळूत गाडून घेते, तिला मऊ वाळूच हवी. पहिल्याच प्रयत्नात मोठी मरळ न आणता तिच्याच प्रजातीतील चन्ना गचुआ ही वीसेक सेंटिमीटरची जात आणणे शहाणपणाचे. हिचा नर अंडी तोंडात धरून सांभाळतो, तर मरळीची अंडी पाण्यावर तरंगतात व पालक त्यांची राखण करतात. एकाच प्रजातीतील संगोपनाचे हे दोन प्रकार प्रात्यक्षिकाचा उत्तम विषय होऊ शकतात.

सोबत कोण राहू शकेल याचा नियम सोपा आहे : जे तोंडात मावते ते खाल्ले जाते.

आहार :

जिवंत मासे खाऊ घालण्याचे आकर्षण विद्यार्थ्यांना फार असते. शास्त्रीय दृष्ट्या त्याचे समर्थन होत नाही. दुकानातील स्वस्त सोनमाशांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग व नांगरकृमी येतात. शिवाय सोनमासे व अनेक कार्प माशांत थायमिनेज हे विकर असते, जे जीवनसत्त्व ब-१ नष्ट करते. गोठविल्याने ते निष्क्रिय होत नाही. पकडून आणलेली मरळ आरंभी गांडुळे घेते. नंतर काडीला लावून हलविलेली सोललेली कोळंबी, आणि काही आठवड्यांत गोळीखाद्यही स्वीकारते. पिलांना रोज, पण प्रौढ माशांना आठवड्यातून तीन-चार वेळा खाद्य पुरते.

दिवाळीच्या सुट्टीत मासे उपाशी राहतील या भीतीने प्रयोगशाळा परिचरास खाद्याचा डबाच सोपविला जातो. निरोगी प्रौढ भक्षक मासा दहा दिवस उपाशी सहज राहतो. तो मरतो ते दयेपोटी टाकलेल्या व न खाल्लेल्या, सडणाऱ्या कोळंबीमुळे. दिवसाची पुडी मोजून, तारीख लिहून देणे हाच मार्ग.

वीज व प्राणवायू :

२० अंशांस प्रतिलिटर ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांस केवळ ७.६ मिलिग्रॅम. म्हणजे उन्हाळ्यात, जेव्हा वीज हमखास जाते, तेव्हाच पाण्यातील शिल्लक कमी असते. मरळ हवेवर तगते. ऑस्कर तगत नाही. बंद डब्याच्या गाळणीतील जिवाणूही काही तासांत गुदमरू लागतात व वीज आल्यावर तेथील कुजके पाणी टाकीत येते. बॅटरीवर चालणारा हवापंप या टाकीचा आवश्यक भाग समजावा. उघडी गाळणटाकी याबाबतीत अधिक सुरक्षित ठरते.

नकोसा झालेला मासा :

१९५२ साली भारतात आणलेला तिलापिया आज उजनी जलाशयात ‘चिलापी’ म्हणून घरोघरी ठाऊक आहे. देशी माशांना त्याने किती मागे रेटले हे तेथील मच्छीमार जाणतात. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अ‍ॅलिगेटर गार सापडला. तो तेथे स्वतःहून जाणे शक्य नव्हते. मोठा झालेला मासा नदीत सोडणे ही अनेकांना भूतदया वाटते. परंतु परकीय भक्षक स्थानिक माशांची पिले खातो आणि सोबत परजीवीही नेतो. स्थानिक मरळदेखील टाकीत आजारी माशांसोबत राहिली असल्यास परत सोडू नये.

ऑस्करचे आयुष्य एका शिक्षकाच्या विभागप्रमुखपदाच्या कालावधीहून मोठे असू शकते. तेव्हा टाकीची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवावी : सामू, अमोनिया, नायट्रेट, बदललेले पाणी, दिलेले खाद्य, आणि शेवटच्या रकान्यात ज्याच्याकडे ही टाकी पुढील वर्षी राहणार आहे त्याची स्वाक्षरी.