श्रेष्ठ गीतकार कोण? : गिरणगावातील एका वादाचे निकष

गिरगावातील चाळीच्या गॅलरीत, दादरच्या वाचनालयाच्या पायरीवर आणि लालबागच्या गणेशोत्सवाच्या मंडपात एक वाद पुनःपुन्हा ऐकू येतो. लोकांच्या ओठी बसलेली गाणी लिहिणाऱ्या मराठी गीतकारांत पहिला मान कोणाचा? कोणी ग. दि. माडगूळकरांचे नाव घेतो, कोणी पी. सावळारामांचे. परळ-लालबागचा जुना गिरणी कामगार अण्णा भाऊ साठे यांच्यापुढे दुसऱ्या कोणाचे नाव ऐकून घेण्यास तयार नसतो, तर नायगाव-शिवडीच्या वस्त्यांतून वामनदादा कर्डकांचे नाव तितक्याच निष्ठेने पुढे येते. वादाचा निकाल बहुधा युक्तिवादाने लागत नाही. ज्याचा आवाज मोठा, त्याचा कवी मोठा ठरतो.

अशा वादाला हौशी करमणूक समजून अभ्यासकाने त्याकडे पाठ फिरवावी, असा एक संकेत आपल्याकडे रूढ आहे. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. पाठ्यपुस्तकातील वेचे, समग्र वाङ्मयाचे खंड आणि प्रबंधांचे विषय अशाच अलिखित क्रमवारीतून ठरत असतात. म्हणून हा वाद कोणत्या निकषांवर चालतो आणि ते निकष कितपत टिकतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

पहिली अडचण कर्तृत्वाची आहे. गीत हे शब्द, चाल आणि आवाज यांचे संयुक्त अपत्य होय. परंतु श्रेय देताना श्रोता ते एकाच नावावर जमा करतो. जुन्या शाहिरीला ह्या अडचणीची जाणीव होती. पेशवाईच्या उत्तरकाळातील ‘होनाजी बाळा’ हे एका व्यक्तीचे नाव नव्हे. होनाजी शिलारखाने रचना करी आणि बाळा करंजकर ती गाई; परंपरेने दोघांची नावे जोडूनच ठेवली. ह्याच होनाजीच्या जीवनावर परळच्या राजकमल कलामंदिराने १९५१ मध्ये ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट काढला. अलीकडील गीतांच्या बाबतीत मात्र हा विवेक राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारलेले गीत राजा बढे यांचे असून त्याचे संगीत श्रीनिवास खळे यांचे आहे. तथापि त्याचा उल्लेख होताच बहुतेकांच्या कानी घुमतो तो शाहीर साबळे यांचा आवाज. अण्णा भाऊंच्या रचना अमर शेख यांच्या पहाडी आवाजात ज्यांनी ऐकल्या, त्यांच्या स्मरणातही कवी आणि गायक यांची अशीच सरमिसळ झालेली आढळते. तेव्हा ‘श्रेष्ठ गीतकार’ म्हणून ज्याचा गौरव होतो, तो पुष्कळदा गीतकार आणि गायक यांच्या जोडीचा असतो.

दुसरा निकष संख्येचा. पठ्ठे बापूराव, म्हणजेच श्रीधर बाळकृष्ण कुलकर्णी (जन्म १८६६), यांच्या नावावर परंपरा दोन लाख लावण्या सांगते. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी सुमारे दहा हजार गीते रचली असे सांगितले जाते. ह्या आकड्यांचा अर्थ मोजणीचा नसून आदराचा आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. दोन लाख लावण्या रचण्यास रोज दहा याप्रमाणे सुमारे पंचावन्न वर्षे लागतील. असे आकडे कवीच्या उत्पादनाविषयी फारसे काही सांगत नाहीत. लोक त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहत होते, एवढे मात्र निश्चित सांगतात. तथापि ह्या मौखिक परंपरेने कर्तृत्व जपण्याचे एक साधन निर्माण केले होते. ते म्हणजे शेवटच्या कडव्यातील नाममुद्रा. बापूरावांच्या लावणीत त्यांचे नाव येते, वामनदादांच्या गीतात ‘वामन’ येतो. गाणारा कोणीही असो, कवीचे नाव गाण्याबरोबर प्रवास करते. मुंबईत प्रौढपणी अक्षरओळख झालेल्या वामनदादांच्या बाबतीत ह्या मुद्रेचे मोल विशेष आहे. चित्रपटगीतात अशी मुद्रा नसते. तेथे कवीचे नाव तबकडीच्या लेबलावर आणि निवेदकाच्या सौजन्यावर अवलंबून राहते.

तिसरा निकष लोकप्रियतेचा. आणि येथे वाद सर्वांत फसवा होतो. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि लवकरच हिंदी चित्रपटगीतांचा साप्ताहिक क्रम घरोघरी ऐकला जाऊ लागला. तो क्रम तबकड्यांची विक्री आणि श्रोतृसंघांची मते यांवरून लावला जात असे. अर्थात ज्या गाण्याची तबकडी निघाली नाही, ते ह्या स्पर्धेत उतरूच शकत नव्हते. ह्याचा परिणाम दोन समकालीनांच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. शैलेंद्र हे १९४७ च्या सुमारास माटुंग्याच्या रेल्वे कार्यशाळेत काम करीत होते आणि ‘इप्टा’च्या व्यासपीठावरून कविता वाचीत होते. अण्णा भाऊ साठे हेही श्रमिकांच्या चळवळीतूनच पुढे आले. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. दोघांचा परिसर जवळचा, श्रोता बहुतांशी कामगार आणि विचारधाराही एकच. शैलेंद्र १९४९ च्या ‘बरसात’पासून चित्रपटात गेले आणि त्यांचे गीत विक्रीच्या व पुरस्कारांच्या हिशेबात आले, उत्कृष्ट गीतकाराचा पहिला फिल्मफेअर पुरस्कार त्यांनाच मिळाला. अण्णा भाऊंचे श्रोते मैदानात जमिनीवर बसत आणि गाणे संपताच पाळीवर जात. त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. दोघांच्या ‘लोकप्रियते’ची तुलना करणे म्हणजे एकाची खातेवही आणि दुसऱ्याची आठवण एकाच तराजूत घालणे होय.

चौथा निकष संहितेचा, आणि विद्यापीठीय अभ्यासकास तोच सर्वांत जवळचा वाटतो. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चा आरंभ झाला. दर आठवड्यास एक याप्रमाणे, त्या वर्षी आलेल्या अधिक मासासह, छप्पन्न गीते प्रसारित झाली आणि १९५७ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. माडगूळकरांचा शब्द अशा रीतीने प्रथमपासूनच निश्चित, मुद्रित आणि सुधीर फडके यांच्या स्वरांत स्थिर झाला. याउलट संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेली अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड घ्या. गावी राहिलेल्या पत्नीच्या विरहाने तिचा आरंभ होतो आणि पुढे तीच मैना महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या सीमाभागाचे रूप धारण करते. तिचे सामर्थ्य पूर्णतः कळण्यासाठी समोरचा श्रोता ध्यानात घ्यावा लागतो. कोकणातून वा घाटावरून आलेला, बायकामुले गावी ठेवून खोलीत दहा-पंधरा जणांसह राहणारा गिरणी कामगार हा तो श्रोता होय. त्याचे खाजगी दुःख आणि सार्वजनिक मागणी यांना एकाच प्रतिमेत बांधणे, ही रचनेची खरी करामत होय. छापील पानावर तिची निम्मी बाजू अदृश्य होते. म्हणून संहितेच्या निकषावर माडगूळकर सरस ठरले, तर तो निकाल काही अंशी माडगूळकरांच्या प्रतिभेचा आणि काही अंशी मुद्रणयंत्राचा असतो.

मग तुलना सर्वथा सोडून द्यावी काय? तसे नव्हे. जेथे दोन कवींनी एकच कार्य अंगावर घेतले आहे, तेथे तुलना न्याय्य आणि फलदायी होते. पठ्ठे बापूरावांनी मुंबई नगरीवर लावणी रचली. अण्णा भाऊंनीही रचली. विषय एक, रचनाप्रकार एक, आणि दोघेही तत्कालीन सातारा जिल्ह्यातील वाळवे तालुक्यातून मुंबईस आलेले. बापूरावांची मुंबई डोळे दिपवणारी आहे. फडाबरोबर शहरात आलेल्या कलावंताचे नवल तीत उतरले आहे. अण्णा भाऊंची लावणी ह्याच गौरवास उत्तर देते. तीत माडी आणि झोपडी शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि वैभवाच्या वर्णनाचे रूपांतर आरोपात होते. येथे प्रश्न ‘मोठा कोण’ हा राहत नाही. परंपरेने दिलेल्या वर्णनपद्धतीचा उत्तरकालीन कवीने कसा उपयोग केला, असा तो होतो. आणि त्याचे उत्तर दोन्ही संहितांतून दाखवता येते. बापूरावांचे कौशल्य न जाणता अण्णा भाऊंचे उत्तर समजत नाही, हेही त्यातून निष्पन्न होते.

ह्यावरून एक सामान्य सूत्र सांगता येईल. क्रमवारी ही कवींच्या गुणवत्तेचे मापन म्हणून दुबळी, परंतु श्रोत्यांच्या इतिहासाचे साधन म्हणून मोलाची आहे. कोण कोणास पहिला म्हणतो आणि का म्हणतो, हे टिपून ठेवले तर वस्ती, पेशा, जात आणि पिढी यांनुसार गीतांचा संसार कसा विभागला गेला होता, ते दिसू लागते. गिरगावचा श्रोता आणि लालबागचा श्रोता ह्यांच्या याद्या भिन्न असतील, तर ती भिन्नता हीच अभ्यासाची सामग्री होय.

ही सामग्री आता झपाट्याने नाहीशी होत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि श्रोत्यांचा तो समुदाय मुंबईच्या उपनगरांत व गावोगाव विखुरला. माडगूळकरांचे शब्द ग्रंथालयात सुरक्षित आहेत. शैलेंद्र यांचे ध्वनिमुद्रणात आहेत. लाल बावट्याच्या प्रयोगात कोणते कडवे कोणत्या मैदानावर जोडले वा गाळले जाई, हे मात्र ते ऐकलेल्या वृद्धांच्या स्मरणातच आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी कोणताही क्रम लावण्यापूर्वी परळ-लालबागच्या अशा एखाद्या घरी जावे, गाणे पूर्ण म्हणावयास सांगावे, पाठभेद लिहून घ्यावेत आणि ते प्रथम कोठे, कोणाच्या तोंडून ऐकले हे विचारावे. श्रेष्ठत्वाचा निर्णय त्यानंतरही करता येईल. साक्षीदारच उरले नाहीत, तर मात्र तो निर्णय कागद आणि तबकडी ह्यांनीच आपल्या वतीने केलेला असेल.