खताची पावती मागून घ्या

युरिया मालगाडीने रेल्वेच्या धक्क्यावर उतरतो आणि तिथून ट्रकने दुकानात येतो. पाऊस पडला की सगळे एकाच दिवशी रांगेत. ट्रक काही त्याच दिवशी पोचत नाही. तेव्हा पेरणीचे खत आधीच आणून कोरड्या जागी फळ्यांवर रचावे.

आता पावतीचे. विक्री मशीनवर नोंदली तरच दुकानाचा साठा कमी झालेला दिसतो. २०१८ पासून कंपनीला अनुदानही या नोंदीवरच मिळते. नोंद न करता गोणी दिली, तर दुकान रिकामे पण हिशेबात भरलेले! मग पुढचा माल कशाला येईल?

गोणीवर छापलेलीच किंमत द्या. नको असलेली बाटली गळ्यात मारली, तर पावती जोडून पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा.