कॅश सर्व्हरची सुरक्षितता आणि क्लाउडमधील फायरवॉल नियम

प्रस्तावना

प्रवेश अर्ज, ग्रंथालयाची सूची, अंतर्गत गुण अशी अनेक महाविद्यालयीन कामे आता संकेतस्थळावरून होऊ लागली आहेत. निकालाच्या दिवशी शेकडो विद्यार्थी एकाच वेळी तेच पान मागतात, तेव्हा दरवेळी मूळ डेटाबेसकडे जाणे वेळखाऊ ठरते. म्हणून वारंवार लागणारी माहिती संगणकाच्या स्मृतीत तात्पुरती साठवली जाते. या साठ्यास कॅश म्हणतात. रोकडीशी त्याचा काही संबंध नाही. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी तयार केलेली ‘मेमकॅश्ड’ ही या प्रकारची सर्वपरिचित प्रणाली होय.

समस्येचे स्वरूप

मेमकॅश्डच्या मूळ रचनेत परवलीचा शब्द नाही. ११२११ या पोर्टपर्यंत जो पोहोचेल, तो माहिती वाचू, बदलू वा पुसू शकतो. भोवतालचे सर्व संगणक आपलेच आहेत, हे रचनाकारांनी गृहीत धरले होते. क्लाउडमध्ये हे गृहीतक टिकत नाही. उचगावसारख्या गावातील महाविद्यालयाचा सर्व्हर आज मुंबईतील डेटा सेंटरमध्ये असू शकतो. संगणक कक्षाच्या कुलपाचा तेथे उपयोग नाही.

हानी केवळ स्वतःच्या माहितीपुरती मर्यादित राहत नाही, ही बाब अधिक गंभीर आहे. यूडीपी पद्धतीत विनंती पाठवणाऱ्याची ओळख पडताळली जात नाही. हल्लेखोर पाठवणारा म्हणून दुसऱ्याचाच पत्ता लिहितो आणि उत्तर त्या तिऱ्हाइतावर जाऊन आदळते. क्लाउडफ्लेअरने २०१८ मध्ये नोंदवलेल्या एका प्रकरणात १५ बाइटच्या विनंतीस ७५० किलोबाइटचे, म्हणजे सुमारे ५१,२०० पट, उत्तर मिळाले होते. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या संकेतस्थळावर याच मार्गाने सेकंदाला १.३५ टेराबिट इतका मारा झाला. त्यासाठी वापरलेले सर्व्हर हल्लेखोरांचे नव्हते. ते बेसावध संस्थांनी उघडे ठेवलेले होते. त्याच सुमारास आलेल्या मेमकॅश्डच्या १.५.६ आवृत्तीत यूडीपी मुळातच बंद ठेवण्यात आले. जुन्या आवृत्तीवर मात्र ते स्वतः बंद करावे लागते.

नियमांची मांडणी

क्लाउड फायरवॉलचा नियम यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच लागू होतो. त्यामुळे सर्व्हरच्या मांडणीत चूक राहिली तरी बाहेरची विनंती आत येत नाही. नियमात पोर्ट, पद्धत आणि स्रोत या तीन गोष्टी सांगाव्या लागतात. चूक बहुधा स्रोतात होते. ‘०.०.०.०/०’ याचा अर्थ संपूर्ण जग असा होतो. चाचणीपुरता म्हणून असा नियम घातला जातो आणि पुढे तो तसाच राहतो. शिक्षणसंस्थांत ‘तात्पुरते’ या शब्दाचे आयुष्य किती असते, हे प्राध्यापकवर्गास सांगावयास नको. स्रोत म्हणून केवळ संकेतस्थळ चालवणाऱ्या सर्व्हरचा खासगी पत्ता वा त्याचा सुरक्षा गट द्यावा. संपूर्ण खासगी नेटवर्कला मुभा देणेही अनावश्यक आहे, कारण त्यातील एखादे दुर्लक्षित यंत्र हल्लेखोराच्या हाती लागू शकते. आयपीव्ही६ साठीचे नियम स्वतंत्रपणे पाहावेत. ते हमखास विसरले जातात. शिवाय कॅश सर्व्हरला सार्वजनिक पत्ताच न देणे इष्ट होय.

नियम लावल्यानंतर बाहेरून ११२११ वर जोडणी करून पाहावी. ही तपासणी महाविद्यालयाच्या नेटवर्कवरून न करता मोबाइलच्या इंटरनेटवरून करावी. कारण महाविद्यालयाचा पत्ता नियमात पूर्वीच मंजूर केलेला असल्यास बाहेरच्यांना बंद असलेले पोर्टही तेथून उघडे दिसते.