नखाएवढा सेन्सर आणि आपले गॅरेज

नवी मुंबईत तुर्भे, कळंबोलीच्या गॅरेजमधले आपले मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखत आले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला. आता इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब नखाएवढा सेन्सर मोजतो. दाबाने त्यातला सिलिकॉनचा पातळ पडदा वाकतो, विजेचा रोध बदलतो आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचे ते ठरते.

या सूक्ष्म सेन्सरचे संशोधनही दूर नाही. पवईच्या आयआयटीत रुजलेल्या नॅनोस्निफ कंपनीचे असल्या सेन्सरवर चालणारे स्फोटकशोधक यंत्र २०२१ मध्ये आले.

मिस्त्री बांधवांना आम्ही एवढेच सुचवू : स्कॅनर घ्या, हाताखालच्या पोरांना तो वाचायला शिकवा. स्कॅनर कोड दाखवतो. तुटलेली वायर मात्र मिस्त्रीच शोधतो.